चौथा कोपरा

मोजणीदाराला सगळा रस्ता 'फीतवाले' म्हणायचा. नगर कार्यालयाने दिलेलं हुद्द्याचं नाव चांगलं लांबलचक होतं, पण ते पगाराच्या कागदापलीकडे कधी गेलं नाही. खांद्याला चामड्याची पिशवी, पिशवीत पोलादी फीत, कानामागे पेन्सिल, अशा थाटात तो कोपऱ्यावर दिसला की दुकानदार बाहेर मांडलेले खोके पायानेच आत ढकलायचे. त्याचा त्याला राग येत नसे, उलट बरंच वाटायचं. सव्वीस वर्षांत आपली एक मोजणी चुकलेली नाही, हे कुणी विचारलं नाही तरी तो सांगायचा. "फितीला मामा नाही आणि मावशी नाही," हे त्याचं ठरलेलं वाक्य. ते ऐकून ऐकून त्याच्या बायकोचे कान किटले होते.

बहीण मात्र होती. तो मंगळवारी बंगलेवाल्यांची भिंत मोजायला गेला तेव्हा ती भिंतीच्या टोकालाच बसलेली होती.

ताई त्याच्याहून अकरा वर्षांनी मोठी. आई गेली तेव्हा हा सहा वर्षांचा होता. त्याला न्हाऊ घालण्यापासून त्याच्या परीक्षेच्या फीपर्यंत सगळं तिनेच निभावलं, तेही शिवणयंत्राच्या पायट्यावर. एकोणीस वर्षं ती याच फुटपाथवर बसत होती. लोकांच्या विजारी आखूड करायच्या, बिघडलेल्या चेन बदलायच्या, फाटके खिसे सांधायचे. पाच फूट लांब, चार फूट रुंद अशी तिची टपरी होती. लोखंडी नळ्यांचे चार पाय, वर पत्रा, तीन बाजूंना लाकडी फळ्या आणि आत मशीन.

बंगलेवाल्यांची भिंत सहा वर्षांपूर्वी आली. आधी कुंपण होतं, ते मागे होतं. मग एके दिवशी फरशा उखडल्या, खोल पाया खणला आणि भिंत फुटपाथच्या पोटात घुसून उभी राहिली. त्या वेळी बंगलेवाल्यांचा माणूस ताईला म्हणाला, "बाई, जरा पाच फूट सरका." ती सरकली. भिंत पुढे आल्यामुळे जो कोना तयार झाला त्यात तिने टपरी बसवली. टपरी भिंतीच्या रेषेच्या दोन इंच आतच राहिली. म्हणजे चालणाऱ्याला अडवत होती ती भिंत. टपरी नुसती तिच्या आडोशाला होती.

आणि अडवत होती म्हणजे कशी? फुटपाथ सहा फुटांचा. गेल्या महिन्यात मागच्या गल्लीतले काठीवाले आजोबा भिंतीपाशी आले, उरलेल्या फटीतून काठीसकट जाता येईना म्हणून रस्त्यावर उतरले आणि सायकलवाल्याने त्यांना पाडलं. मनगट मोडलं. आजोबांनी डाव्या हाताने तक्रार लिहिली, 'फुटपाथ मोकळा करा.' ती तक्रार घेऊन मोजणीदार आला होता.

त्याने फीत लावली, पुन्हा लावली, पेन्सिल कानामागून काढली.

"काय रे, किती भरली?" ताईने दातात धागा धरूनच विचारलं.

"चार फूट दोन इंच. लांबी नव्वद. पावणेचारशे चौरस फूट झाले ताई, खोटं नाही."

"बघ म्हणजे! भिंतीचं पोट आहे की काय आहे." तिने धागा तोडला. "आता पाडतील?"

"मी मोजतो. पुढचं साहेबांचं काम."

"आणि माझं रे?"

"तुझं काय घेऊन बसलीस? वीस चौरस फूट! हत्ती सोडून कुणी मुंगीच्या मागे लागतं का?" असं म्हणून त्याने वहीत टपरीचीही नोंद केली. तक्रारीत अख्खा फुटपाथ म्हटलं होतं, आणि अर्धवट मोजणी त्याच्या हातून होत नसे. पाच गुणिले चार. उचलता येण्याजोगी.

हे 'उचलता येण्याजोगी' प्रकरण आधी सांगायला हवं, कारण ते याच शहाण्याच्या डोक्यातून निघालं होतं.

आठ वर्षांपूर्वीपर्यंत फुटपाथवर जे काही सापडेल ते पहारीने जागच्या जागी फोडायचं, असा शिरस्ता होता. एकदा मोजणीदाराच्या देखत एका घड्याळजीची काचपेटी फोडली. बारीक चाकं, स्प्रिंगा, काटे रस्त्यावर विखुरले आणि तो घड्याळजी गुडघ्यांवर बसून ते चिमटीने वेचत राहिला. मोजणीदार मनाने वाईट नव्हता. त्याला ते बघवलं नाही. त्याच सुमारास नवे नियम करणाऱ्या समितीने कार्यालयातल्या जुन्या माणसांची मतं मागवली, तेव्हा त्याने आपल्या सुबक अक्षरात लिहून दिलं, की जे उचलता येतं ते फोडू नये, उचलून न्यावं. जे उचलता येत नाही ते काढायला मालकाला मुदत द्यावी. आता उचलता येतं की नाही हे ओळखायचं कसं? तर चार माणसांनी चार कोपरे धरावेत. वस्तू जमिनीपासून नऊ इंच उठली तर उचलता येण्याजोगी, नाही उठली तर पक्कं बांधकाम.

समिती खूश झाली. इतकी सोपी कसोटी त्यांच्यातल्या एकाही विद्वानाला सुचली नव्हती. त्यांनी ती जशीच्या तशी घेतली आणि मग तिच्या भोवती आपली विद्वत्ता रचली. पक्क्या बांधकामाला तीस दिवसांची नोटीस, मग सुनावणी, मग अपील, आणि बांधकाम पाच वर्षांहून जुनं असेल तर शुल्क भरून ते कायमचं नियमित. उचलता येण्याजोग्या वस्तूला नोटीस कशाला? ती उचलली तर तिचं नुकसान थोडंच होतं! आणि तिला वयही नाही. ती रोज सकाळी नव्यानेच ठेवली जाते असं समजायचं. म्हणजे एकोणीस वर्षं बसलेली बाई कायद्याच्या लेखी आजच येऊन टेकली, आणि सहा वर्षांपूर्वी फुटपाथ फोडून आत घुसलेली भिंत जुनीजाणती.

मोजणीदाराने हे वाचलं नव्हतं असं नाही. वाचलं होतं. पण आपलं वाक्य छापून आल्याच्या आनंदात पुढचं त्याच्या डोक्यात शिरलं नाही. घड्याळजींच्या पेट्या फुटायच्या थांबल्या, एवढं त्याला पुरलं. गेली आठ वर्षं कितीतरी टपऱ्या चार-चार माणसांनी उचलून ट्रकात टाकल्या. तो वही घेऊन शेजारी उभा असायचा आणि घरी येऊन पोटभर जेवायचा. खरं बोलायचं तर त्या टपऱ्या दुसऱ्यांच्या बहिणींच्या होत्या.

आणि आणखी एक गोष्ट होती. दोन वर्षांपूर्वी वाऱ्याने टपरी कलंडली होती. ताईच्या खालच्या मजल्यावर राहणारा गवंडी म्हणाला, "ताई, चार खड्डे घेतो आणि पाय सिमेंटात पक्के करून टाकतो. अर्धं पोतं लागेल." ताईने भावाला विचारलं. भाऊ खेकसला, "फरशी फोडलीस तर गुन्हा होईल! कायद्यात राहा, म्हणजे कायदा तुला सांभाळेल." ताईने गवंड्याला नको म्हणून सांगितलं आणि प्रत्येक पायाला वीट टेकवली.

बुधवारी दुपारी मोठ्या साहेबांनी फाईल उघडली. साहेब वयाने लहान आणि बोलायला गोड होते. कुणावर आवाज चढवत नसत.

"भिंतीला नोटीस," ते म्हणाले. "सहा वर्षांची आहे ना? सुनावणीत नियमित होऊन जाईल. टपरी उद्या दहा वाजता उचला. मी येतो."

"साहेब, आजोबा खाली उतरले ते भिंतीमुळे," मोजणीदार म्हणाला. "टपरी तर भिंतीच्या आत दोन इंच आहे. ती काढून चालणाऱ्याला काहीच मिळणार नाही. पाच फूट चालेल आणि भिंतीवर आपटेल."

"मला दिसत नाही का ते? आकृती तुम्हीच काढलीय, सुरेख काढलीय. पण भिंत चार माणसांना उचलते का? नाही ना? मग मी काय करू? तक्रारीवर काहीतरी केलेलं दिसायला हवं." साहेब हसले. "नियम कुणी केलाय कुणास ठाऊक, पण आहे सोपा. डोक्याला ताप नाही."

तो नियम मी केलाय, हे वाक्य मोजणीदाराच्या जिभेवर आलं आणि परत गेलं.

"ही बाई कोण आहे? तुम्ही फार कळवळ्याने बोलताय," साहेबांनी सहज विचारलं.

आता नीट ऐका. साहेबांनी काही पिस्तूल रोखलं नव्हतं. नातेवाइकाच्या प्रकरणातून बाजूला होता येतं, तशी तरतूदही होती. फार तर कुजबुज झाली असती, की फितीला मामा-मावशी नसली तरी बहीण आहे बरं का. बस, इतकंच.

"आहे एक शिवणकामवाली," मोजणीदार म्हणाला. "येता-जाता बघतो. ओळखीची आहे."

बोलून झाल्यावर त्याचे कान तापले. सहीचा कागद घेऊन तो बाहेर आला तेव्हा जिन्यात कुणीतरी मागून हाक मारली, आणि ती आपल्याला नसावी असं त्याला वाटलं.

संध्याकाळी तो ताईच्या खोलीवर गेला. जाताना सगळं ठरवून गेला होता. सिमेंट बसायला रात्र पुरते. गवंडी खालीच राहतो. चार खड्डे, अर्धं पोतं. सकाळी दहाला चार माणसांनी कोपरे धरले की टपरी जागची हलणार नाही, आणि मग तीच टपरी पक्कं बांधकाम होईल. तीस दिवस, सुनावणी, अपील. कदाचित वर्षभर कुणी हात लावणार नाही. ज्या कायद्याने भिंत वाचते त्यानेच टपरी वाचेल. फक्त त्याने एक वाक्य बोलायचं होतं.

ताई खुशीत होती. शेजारणीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "भिंत पडणार बरं का! आमच्या याने मोजलीय." मग याच्याकडे बघून, "अरे, हे बटण कसं लोंबतंय? बायकोला दाखवायचं की नाही? थांब, काढू नको सदरा, अंगावरच लावते."

ती सुई घेऊन त्याच्या अगदी समोर बसली. तिच्या केसांत दोऱ्याचा एक तुकडा अडकला होता. तो मान ताठ करून बसला आणि मनात वाक्य जुळवत राहिला. ताजं सिमेंट बघून साहेब विचारतील, हिला कुणी सांगितलं? टपऱ्या उचलणाऱ्या मुकादमाला तर ठाऊकच आहे ही माझी कोण ते. मग चौकशी. निवृत्तीला तीन वर्षं राहिलीत. आणि आज दुपारीच मी सांगितलं, ओळखीची आहे म्हणून.

"बोल ना, काय म्हणत होतास?" ताईने गाठ मारून विचारलं.

"काही नाही. उशीर झाला, निघतो."

जिना उतरताना गवंड्याच्या दारावरून जावं लागायचं. दार उघडं होतं आणि तो बादली धूत होता. "काय साहेब, बरंय ना?" म्हणाला. मोजणीदार "बरंय" म्हणाला आणि पुढे गेला. माणूस एवढा भेकड असू शकतो हे त्याला स्वतःबद्दल आजवर माहीत नव्हतं. कधी कुणी तपासलंच नव्हतं.

गुरुवारी पावणेदहाला ट्रक आला. मुकादम होता, त्याच्या हाताखालचे दोघे होते. चौथा तापाने आडवा झाला होता.

ताईला आधी काही उमगलं नाही. ट्रक भिंतीसाठी आलाय असंच तिला वाटलं. ती टपरीतून बाहेर आली आणि कौतुकाने बघत उभी राहिली. मग मुकादमाने खाली मान घालून तिच्यापुढे कागद धरला. ताईने तो उभ्या-उभ्या वाचला, दोनदा वाचला, आणि मान वर करून भावाला शोधलं. तो ट्रकाच्या पलीकडे पिशवीचा पट्टा नीट करत होता. तसा तो पट्टा नीटच होता.

"माझी टपरी?" ती म्हणाली. "भिंत नाही?"

"भिंतीला नोटीस गेलीय, ताई," मुकादम पुटपुटला. मग आणखी हळू, "चोर सोडून संन्याशाला फाशी. आमच्या हातात काय आहे?"

मोठे साहेब गाडीतून उतरले. भिंतीच्या फाटकातून बंगलेवालेही बाहेर आले. हातात नोटिशीचं पाकीट आणि चेहऱ्यावर शेजारधर्म. माणूस सभ्य होता, त्यात वाद नाही. त्यांनी साहेबांना नमस्कार केला, मोजणीदाराला "आकडा चार फूट दोनच ना? शुल्क फुटावर आहे म्हणून विचारलं," असं विचारून घेतलं, आणि मग ताईकडे वळून मनापासून म्हणाले, "बाई, वाईट वाटून घेऊ नका. मशीन हवं तर फाटकाच्या आत ठेवा. माझ्या हद्दीत कुणी हात लावणार नाही."

"तुमची हद्द कुठून सुरू होते ते या मोजणीवाल्यांना विचारा," ताई म्हणाली. "त्यांनी परवाच मोजलीय."

मुकादमाच्या माणसांपैकी एकाला हसू आवरलं नाही. बंगलेवाल्यांनी पाकिटाकडे बघितलं आणि ते आत गेले.

साहेबांनी मात्र तिचं बोलणं धरलं. "ही का तुमची ती ओळखीची बाई?" त्यांनी मोजणीदाराला विचारलं.

ताई चार पावलांवर उभी होती. तिला स्पष्ट ऐकू गेलं.

"हो," मोजणीदार म्हणाला.

ताईने त्याच्याकडे बघितलं. डोळे एकदा बारीक झाले आणि मग काहीतरी समजल्यासारखी तिने मान हलवली. लहानपणी तो शाळेत मार खाऊन यायचा आणि पडलो म्हणून सांगायचा, तेव्हा ती अशीच मान हलवायची आणि पुढे काही विचारायची नाही.

तिने मशीनवरची अर्धवट विजार घडी करून पिशवीत घातली. सुया, कात्री, रिळांचा डबा. मशीन फळीला पक्कं बसवलेलं होतं, ते तसंच राहिलं. मुकादम एका कोपऱ्यापाशी गेला, त्याची दोन माणसं दोन कोपऱ्यांपाशी. भिंतीकडचा चौथा कोपरा रिकामा राहिला.

"चौथा कोण?" साहेबांनी घड्याळ बघितलं. "नियमात चार माणसं म्हटलंय. तुम्ही धरा की, मोजणीदार. मोकळेच आहात."

मोजणीदाराचे पाय फरशीला चिकटले. त्या नळीला हात लावायचा? तिच्या देखत? मुकादम आकाशाकडे बघू लागला. ट्रकाचा ड्रायव्हर खिडकीतून मान बाहेर काढून बसला.

"राहू द्या, साहेब," ताई म्हणाली.

ते 'साहेब' तिने मोजणीदाराला म्हटलं होतं. जन्मात पहिल्यांदा.

"तुम्ही नका वाकू, साहेब. तुमचे कपडे खराब होतील. मी धरते. माझीच आहे, मला हिची सवय आहे."

"चालेल का हो?" मुकादमाने साहेबांना विचारलं.

"चार माणसं म्हटलंय. कुणाची ते कुठे म्हटलंय?" साहेब म्हणाले. खरंच म्हटलेलं नव्हतं. लिहिणाऱ्याला ते सुचलं नव्हतं.

ताईने बाह्या सरसावल्या आणि चौथी नळी धरली. पासष्टीला आलेली बाई. पण अख्खं आयुष्य पायाने मशीन आणि हाताने कापड ओढलेलं, मनगटं पुरुषासारखी.

"एक, दोन, हं!" मुकादम ओरडला.

तीन कोपरे उठले. चौथा जागच्या जागी राहिला.

त्या क्षणी मोजणीदाराच्या मनात लख्ख उजेड पडला. नाही उठला चौथा कोपरा, तर नाही. सिमेंट नको, गवंडी नको. ताईने नुसता हात ढिला ठेवला तरी टपरी पक्कं बांधकाम ठरते. साहेब स्वतः साक्षीला आहेत, नियम त्यांच्या तोंडात आहे. तीस दिवस. सुनावणी. तिला हे ठाऊक नाही, त्याला ठाऊक आहे. फक्त म्हणायचं, 'ताई, जोर लावू नकोस.' नाही तर नुसती मान हलवायची. ती त्याच्या मानेची प्रत्येक हालचाल ओळखत होती.

ती त्याच्याकडेच बघत होती. चेहरा लाल झालेला, ओठ घट्ट मिटलेले, आणि डोळ्यांत एवढंच, की तू काळजी करू नकोस, तुला हात लावायची वेळ नाही येऊ देणार.

त्याने नजर खाली वळवली.

ताईने पाय फाकवून पुन्हा जोर लावला. तिच्या तोंडून एक आवाज निघाला आणि चौथा कोपरा उठला.

"मोजा, मोजा!" साहेब म्हणाले.

मोजणीदार गुडघ्यांवर बसला. फीत बाहेर ओढली, नळीच्या बुडाशी लावली. समोर ताईची पावलं होती, टाचा उचललेल्या आणि थरथरणाऱ्या. नऊ इंच लागत होते. आठ म्हटला असता तर कोण वाकून बघणार होतं?

"साडेनऊ," तो म्हणाला. सव्वीस वर्षांच्या सवयीने तो खरं बोलून गेला.

टपरी ट्रकात चढली. पत्रा एकदा वाजला. साहेब म्हणाले, "छान, अर्ध्या तासात झालं," आणि दुसऱ्या कामाला निघून गेले. मुकादमाने फाळका लावला, पण तो लगेच ट्रकात बसला नाही. रुमालाने मान पुसत ताईपाशी आला.

"ताई, तुम्ही कशाला एवढा जोर लावलात हो? सैल धरायचं होतं जरा. उठली नसती तर आम्हाला हात झटकून जावं लागलं असतं. महिनाभर कुणी फिरकलं नसतं इथे. नियमच आहे तसा."

ताई रिळांचा डबा छातीशी धरून उभी होती. "असा नियम आहे?" तिने विचारलं.

"मग? चार माणसांनी नऊ इंच. नाही उठली तर भिंतीसारखीच, नोटीस आणि सुनावणी." एवढं बोलून मुकादमाला आपण काय बोलून गेलो ते कळलं. त्याने मोजणीदाराकडे पाहिलं, "येतो," म्हणाला आणि ट्रकात जाऊन बसला.

ट्रक गेला. फुटपाथवर दोघंच राहिले. टपरीच्या जागी पाच गुणिले चार फुटांचा फरशीचा चौकोन आजूबाजूच्या फरशीपेक्षा उजळ दिसत होता. एकही फरशी फुटलेली नव्हती. कोन्यात चार विटा पडल्या होत्या.

तेवढ्यात काठीवाले आजोबा गल्लीतून आले. एका हाताला प्लास्टर, दुसऱ्यात काठी. मोकळ्या फरशीवरून पाच फूट चालले, भिंत आली, थांबले. इकडेतिकडे गाड्या बघितल्या आणि काठी टेकत रस्त्यावर उतरले.

मोजणीदाराने वहीतून पावतीचा कागद काढला. मालकाची सही घ्यायची असते. वर छापलेले रकाने भरायचे असतात. माप, उंची, वेळ. शेवटचा रकाना 'झालेले नुकसान'. नियमाने तिथे एकच शब्द लिहायचा असतो, आणि गेली आठ वर्षं तो लिहिलेला कागदच तो लोकांपुढे धरत आला होता. आजही हाताने आपोआप लिहिलं, 'नाही'. लिहून झाल्यावर त्याला दिसलं.

"तुला ठाऊक होतं?" ताईने विचारलं. आवाज चढलेला नव्हता. कापडाचं माप विचारावं तसं विचारलं.

"ताई, तो नियम... तो मीच लिहून दिला होता. चांगल्यासाठी लिहिला होता गं. घड्याळजीची पेटी—"

"ते नाही विचारलं. मी उचलत होते तेव्हा तुला ठाऊक होतं?"

"हो."

"आणि काल खोलीवर आलास तेव्हा?"

"हो."

त्याला वाटलं आता ती मारेल. लहानपणी मारायची तशी, पाठीत, आणि मग स्वतःच रडायची. मारलं असतं तर तो तिच्या पायांवर पडला असता, सगळा रस्ता बघत असला तरी. त्याने तिला हवं असेल तर मारता यावं म्हणून एक पाऊल पुढेसुद्धा टाकलं.

ताईने डबा खाली ठेवला, हात पोटावर पुसला आणि कागद त्याच्याकडून घेतला. वरपासून खालपर्यंत वाचला. शेवटच्या रकान्यापाशी थोडी थांबली.

रस्त्यावर साहेब नव्हते, मुकादम नव्हता, कुणी ओळखीचं नव्हतं. ऐकणारं कुणीच नव्हतं.

"सही कुठे करू, साहेब?" तिने विचारलं.

त्याने बोट ठेवून दाखवलं.